नागवनिकाची दृष्टी : पालि सुत्तांतील हत्ती

मज्झिम निकायातील २७ वे सुत्त ‘चूळहत्थिपदोपम’ या नावाने प्रसिद्ध आहे. सिंहलद्वीपात महेंद्र स्थविरांनी देवानंपिय तिस्स राजाला प्रथम हेच सुत्त ऐकविले, असे महावंसात म्हटले आहे. आपल्याकडे या सुत्ताचे विवेचन शील, समाधी व प्रज्ञा या क्रमाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या उपमेवर सुत्त उभे आहे, ती मात्र दोन वाक्यांत आटोपली जाते. प्राचीन भारतात हत्तीविषयी कोणते ज्ञान होते आणि ते कोणाजवळ होते, याचा पुरावा याच उपमेत आहे. (अजिंठ्याच्या १० व १७ क्रमांकांच्या लेण्यांतील छद्दन्त जातकाचा षड्दन्त हत्ती हा कलेचा विषय आहे, त्याचा येथे विचार केलेला नाही.)

पिलोतिक नावाचा परिव्राजक जाणुस्सोणि ब्राह्मणाला सांगतो की, आपण श्रमण गौतमाची चार पावले पाहिली आहेत. वाद जिंकण्याच्या हेतूने गेलेले पंडित क्षत्रिय, ब्राह्मण, गृहपती आणि श्रमण त्यांचे शिष्य होऊन राहिले. नागवनात लांबरुंद पाऊल दिसले की हत्ती मोठा आहे असे समजावे, तसेच हे. जाणुस्सोणीने ही स्तुती भगवंतांच्या कानी घातली, तेव्हा त्यांनी ती स्वीकारली नाही. उपमा अजून पूर्ण झालेली नाही, असे सांगितले. कुशल नागवनिक केवळ पावलावरून निर्णय देत नाही, कारण ‘वामनिका’ नावाच्या ठेंगण्या हत्तिणींचीही पावले मोठी असतात. झाडावर उंच ठिकाणी अंग घासल्याच्या खुणा दिसल्या तरी तो थांबत नाही. त्या उंच ‘काळारिका’ हत्तिणीच्या असू शकतात. दातांचे ओरखडे दिसले तरी ‘कणेरुका’ उरतेच. प्रत्यक्ष हत्ती दृष्टीस पडल्यावरच तो म्हणतो, हाच तो महानाग.

हत्तीच्या पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट केली म्हणजे त्याची खांद्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते, हा ठोकताळा आजही वापरला जातो. म्हणजे पिलोतिकाचा तर्क निराधार नव्हता. पण मऊ चिखलात ठसा पसरतो, आणि चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच्या ठशावर पडतो. आशियाई हत्तिणीला लांब सुळे नसतात, तरी अनेकींना आखूड दात असतात. उलट काही नर बिनसुळ्यांचे, म्हणजे मखना असतात. एकेका खुणेचे मूल्य किती आणि तिची मर्यादा कोठे, हे सुत्तकाराला नेमके ठाऊक आहे. प्रतिष्ठित माणसे अनुयायी झाली, हा भगवंतांच्या मते पुराव्याचा शेवट नव्हे; ते एक पाऊल आहे. स्तुती स्वतःची असतानाही त्यांनी हे सांगितले, ही गोष्ट मला विशेष वाटते.

उदानातील पारिलेय्यक हत्तीचे वर्णनही असेच पारखून घ्यावे. हत्ती, हत्तिणी व पिले यांच्या दाटीने तो त्रासला आहे. त्याला शेंडे खुडलेले गवत खावे लागते, गढूळ पाणी प्यावे लागते, म्हणून तो एकटा निघतो. हत्तींचा कळप वयस्कर मादीच्या नेतृत्वाखाली असतो आणि वयात येणारे नर कळप सोडतात, हे आज प्राणिशास्त्र सांगते. आधुनिक शास्त्र त्रिपिटकात आधीच होते, असा दावा मात्र कोणी करू नये. जंगलात वावरणाऱ्यांनी जे पाहिले ते सुत्तात आले, एवढेच खरे.

या ज्ञानामागे राज्याची गरज होती. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २० ते २२ महिन्यांचा, पिलू बहुधा एकच, आणि ते कामाला येईपर्यंत अनेक वर्षे पोसावे लागते. त्यामुळे राजे हत्ती वाढविण्याऐवजी वनातून धरीत, आणि त्यासाठी वने राखणे भाग पडे. ही कारणमीमांसा टॉमस ट्राउटमन यांनी २०१५ च्या ग्रंथात सविस्तर मांडली आहे. अर्थशास्त्रात वीस वर्षांचा हत्ती धरावा, गर्भिणी व दूध पाजणारी हत्तीण धरू नये, आणि हत्ती मारणाऱ्यास देहदंड द्यावा, असे नियम आहेत. चंद्रगुप्त मौर्याने सेल्यूकसला ५०० हत्ती दिले, इ.स.पू. ३०१ च्या इप्ससच्या लढाईत सेल्यूकसचे हत्तीदल निर्णायक ठरले. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, ‘नागवन’ हा शब्द पुन्हा भेटतो. पण तेथे विशिष्ट तिथींना नागवनातील इतर प्राणीही मारू नयेत, अशी आज्ञा आहे. युद्धासाठी राखलेल्या वनाला अशोकाने दिलेले हे वळण इतिहासकारांनी अधिक लक्षात घ्यावयास हवे.

नागवनिकांची नावे सुत्तांनी जपली नाहीत. एका हत्तीवाल्याच्या मुलाचे नाव मात्र कन्दरक सुत्तात आहे : पेस्स. चंपेस गग्गरा पुष्करणीच्या तीरी तो भगवंतांना सांगतो की, शिकाऊ हत्ती चंपेपर्यंत जाऊन येईतो आपल्या साऱ्या लबाड्या उघड करतो. माणसे मात्र मनात एक, बोलण्यात दुसरे आणि कृतीत तिसरे असतात. माणूस गहन, पशू उत्तान. भगवंत त्याचेच शब्द उच्चारून ‘असेच आहे, पेस्सा’ असा दुजोरा देतात, आणि तो उठून गेल्यावर भिक्षूंना सांगतात की पेस्स पंडित आहे, महाप्राज्ञ आहे. मुहूर्तभर आणखी बसता तर त्याचे मोठे हित झाले असते. पण जाताना पेस्स म्हणाला होता की, आम्हांला पुष्कळ कामे आहेत.