शस्त्रवैद्य कसा घडतो?

माधवनगरपासून मिरज थोड्याच कोसांवर आहे, आणि आपल्या या भागांत शस्त्रक्रियेचा विषय निघाला कीं मिरजेचें नांव निघावयाचेंच. डॉ. विल्यम वानलेस यांनीं तेथें १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तीनच वर्षांनीं, १८९७ सालीं, तेथें वैद्यकाची शाळाही निघाली, ही गोष्ट तितकीशी लक्षांत राहिलेली नाहीं. वास्तविक तिचें महत्त्व तिळमात्र कमी नाहीं. कारण कुशल शस्त्रवैद्य कितीही रोगी बरे करो, त्याचें कसब दुसऱ्याच्या हातांत उतरलें नाहीं, तर तें त्याच्याबरोबरच संपावयाचें.

पण श्रोतेहो, तें दुसऱ्याच्या हातांत उतरावयाचें कसें? शिष्याचा पहिला छेद कोणाच्या तरी देहावरच पडणार. मग त्या रोग्यानें हा धोका काय म्हणून पत्करावा? शस्त्रवैद्यकाच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास होय.

पहिलें उत्तर सुश्रुतसंहितेंत सांपडतें. आंतड्याच्या छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून मिटविण्याची रीत सांगणाऱ्या या ग्रंथांत शिष्याला एकदम रोग्यापाशीं नेलेलें नाहीं. त्यानें कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घ्यावे, पाण्यानें व चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्या भेदाव्या, कमळाच्या देठांवर शिरा वेधण्याचा सराव करावा आणि टांके वस्त्रावर व मऊ कातड्यावर घालावे, अशी योजना तेथें आहे.

दुसरें उत्तर अमेरिकेंतील बाल्टिमोरचें. १८८९ सालीं उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनीं उमेदवार डॉक्टरांस वर्षानुवर्षें रुग्णालयांतच ठेवून पायरीपायरीनें जबाबदारी देण्याची पद्धत घातली. आधीं पाहणें, मग मदत करणें आणि शेवटीं स्वतः शस्त्र धरणें, असा तिचा क्रम होता.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें हा क्रम कांहीं काळ विस्कटला. जर्मनींत डॉ. कुर्ट सेम यांनीं १९८० सालीं दुर्बिणीनें आंत्रपुच्छ काढलें, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं भारतांत प्रथम त्या रीतीनें पित्ताशय काढलें. लवकरच मोठ्या आंतड्याचीही पाळी आली. आंतड्याचें काम विशेष नाजूक. रोगट भाग सोडवावा, त्याच्या रक्तवाहिन्या बंद कराव्या व उरलेलीं टोकें जोडावीं. तो सांधा गळला तर रोग्याच्या प्राणावर बेततें. शिवाय नळीसारखें लांब हत्यार पोटाच्या भिंतीवर टेकून फिरत असल्यामुळें हात डावीकडे नेला कीं टोक उजवीकडे जातें, आणि बोटांस स्पर्शाचें ज्ञान जवळजवळ होत नाहीं. निष्णात शस्त्रवैद्यांसही येथें पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें.

परंतु याच यंत्रानें एक मोठी सोयही केली. पूर्वीं दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या एकट्यालाच आंतील दिसे. १९८० नंतरच्या दशकांत तिला कॅमेरा जोडला गेला, आणि शिष्याला जें दिसतें तेंच गुरूलाही पडद्यावर दिसूं लागलें. हत्याराचें टोक वाट चुकण्यापूर्वींच त्याला टोकतां येतें, व प्रसंगीं हत्यार आपल्या हातीं घेतां येतें. सुश्रुताचा भोपळाही नव्या रूपानें परत आला: शिष्य प्रथम बंद पेटींत, पडद्याकडे पाहून टांके घालावयास शिकतो, मग रोग्यापाशीं कॅमेरा धरतो, पुढें शस्त्रक्रियेचा एकेक भाग त्याच्या स्वाधीन होतो.

तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं निवडक रोग्यांवर शिकाऊ शस्त्रवैद्यांनीं केलेल्या आंतड्याच्या शस्त्रक्रियांचें फळ तज्ज्ञांच्या तोडीचें येतें, वेळ मात्र अधिक लागतो, असें अभ्यासांत दिसून आलें आहे. यांतील ‘निवडक’ व ‘देखरेख’ या दोन शब्दांवरच सर्व भार आहे. ते सुटले, तर शिक्षणाची किंमत रोगी भरतो. म्हणून आपल्या पोटावर कोणाचा हात चालणार व शेजारीं कोण उभें राहणार, हें विचारण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार आहे. उत्तर समाधानकारक मिळालें, तर त्यानें दिलेली संमति ही पुढच्या पिढीच्या रोग्यांवर केलेला उपकारच होय.