चूक कुठल्या फाइलमधली? : 'स्क्रिप्ट एरर'चा छोटा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण एक गोष्ट धरूनच चालतो: जुनी साधनं कच्ची होती, मग सुधारत गेली. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या चुका शोधण्याचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक निम्मंच टिकतं.

१९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. पुढे एकेका पानावर पाच-सहा स्क्रिप्ट फाइली येऊ लागल्या. मेख अशी, की या फाइलींची जागतिक नावं एकाच जागेत राहतात, आणि एक फाइल कोसळली तरी ब्राउझर पुढची चालवतोच. लायब्ररीचा पत्ता चुकला की ओरडते ती लायब्ररी वापरणारी फाइल. चोरी एका घरात, बोंब दुसऱ्या घरात! म्हणून कन्सोलमध्ये दहा लाल ओळी दिसल्या तरी सगळ्यात वरची आधी वाचायची. बाकीच्या बहुतेकदा तिचीच पिलावळ.

जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये खालच्या पट्टीवर पिवळा त्रिकोण यायचा. ओळ क्रमांक मिळायचा, पण तो नेमका कुठल्या फाइलचा यावर भरवसा नसे. लोक सरळ जागोजागी अलर्ट पेरत. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी जो ह्यूइटचं फायरबग आलं आणि फाइलचं नाव, ओळ, कोड मधेच थांबवून किमती बघणं हे सगळं एका खिडकीत आलं.

इथवर सरळ प्रगतीची गोष्ट आहे. पण ऑनएरर नावाची एक सोय आहे, पानावरची चूक पकडून कळवणारी. फाइल दुसऱ्या डोमेनवरून आलेली असेल तर तिला फक्त 'स्क्रिप्ट एरर' एवढंच मिळतं. ना फाइल, ना ओळ. गंमत म्हणजे त्याच वेळी कन्सोलमध्ये पूर्ण तपशील दिसतो. म्हणजे ब्राउझरला सगळं माहीत असतं. तो पानाला मुद्दाम सांगत नाही.

का? स्क्रिप्टच्या टॅगमधून परक्या साइटचं कुठलंही पान मागवता येत होतं, आणि वापरणाऱ्याच्या कुकी सोबत जायच्या. ते पान जावास्क्रिप्ट नसल्याने चूक ठरलेलीच. पण लॉगिन केलेल्याला एक पान मिळतं, न केलेल्याला दुसरं, त्यामुळे चुकीचा मजकूरही वेगळा. तेवढ्यावरून तुम्ही कुठे लॉगिन आहात हे तिऱ्हाइताला कळू शकायचं. म्हणून तोंड बंद केलं गेलं. आता टॅगवर क्रॉसओरिजिन लिहिलं आणि समोरच्या सर्व्हरने परवानगी दिली, तरच तपशील मिळतो.

तेव्हा मंडळी, मोघम संदेश दिसला की लगेच 'मागासलेलं साधन' असं लिहू नका. तो कोणापासून लपवलाय, ते आधी विचारा.

दाबून लहान केलेल्या फाइलींचा प्रश्न सोर्स मॅपने सोडवला. तो मूळ फाइल आणि ओळ परत दाखवतो. त्याची तिसरी आवृत्ती २०११ ची, एक्माचं मानक मात्र २०२४ चं. मधली बरीच वर्षं सगळे ब्राउझर एका गूगल डॉकच्या भरवशावर चालले होते.