ओनामा कशाचा करायचा?

पूर्वी पोराच्या हातात पाटी आली की पंतोजी त्याच्याकडून पहिल्यांदा 'ओनामासीधं' गिरवून घेत. मूळ शब्द 'ॐ नमः सिद्धम्', म्हणजे सिद्धांना नमस्कार. त्याचा धागा अनेकजण आपल्या जैन परंपरेशी जोडतात. मुलं सगळ्या घरांतली असत, पण सुरुवात तीच. त्यातूनच 'ओनामा' हा शब्द मराठीत आरंभ या अर्थाने रुजला. पोराला त्या अक्षरांचा अर्थ कळत नसे, पण अडलं तर हात धरायला पंतोजी शेजारी असत, हे लक्षात ठेवा.

आता दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बेळगावात बायका विचारतात, "ताई, पोरीला कॉम्प्युटरला घालायचं म्हणतोय. आधी सी शिकवू की पायथन? पुस्तक कुठलं आणू?" प्रश्न नवा वाटतो, पण तो साठ वर्षांचा जुना आहे.

1957 साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा आणली. ती शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीसाठी होती, शिकाऊंसाठी नव्हे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. तिथली बहुतेक मुलं इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणारी. त्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे, असा या दोघांचा हट्ट. फोरट्रानमध्ये एखादं काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं तर 'डू 100, आय = 1, 10, 2' असं लिहावं लागे. त्यात स्वल्पविराम कुठे आणि कुठला आकडा कशाचा, हे नवख्याच्या ध्यानात राहत नसे. या दोघांनी त्याच्या जागी 'फॉर आय = 1 टू 10 स्टेप 2' असं केलं. एकपासून दहापर्यंत, दोन-दोनच्या पायरीने. वाचलं की कळतं. या भाषेचं नाव बेसिक. 1 मे 1964 च्या पहाटे चार वाजता तिचे पहिले प्रोग्राम चालले. पुढे केमेनी त्या कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि 1972 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत तिथे मुलींना प्रवेश मिळाला. बेसिक आली तेव्हा मात्र कॉलेज फक्त मुलांचं होतं!

आपल्याकडे 1963 मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम 1620 हा संगणक आला. तो काळ भोकं पाडलेल्या कार्डांचा. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं. तिथले प्राध्यापक व्ही. राजारामन यांनी शिकवता शिकवता 1969 मध्ये प्रोग्रामिंगचं पाठ्यपुस्तक लिहिलं. परदेशी जाडजूड पुस्तकं न परवडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं ते पुस्तक होतं. पुढे 1984 मध्ये सरकारने शाळांमध्ये संगणक द्यायला सुरुवात केली. त्या बीबीसी मायक्रो यंत्रांवर आपल्या मुलांचा ओनामा बेसिकनेच झाला.

या गोष्टीत बायका नव्हत्या असं समजू नका. लहान मुलांसाठी लोगो नावाची भाषा 1967 मध्ये घडली, तिच्या घडवणाऱ्यांत सिमूर पेपर्ट यांच्याबरोबर सिंथिया सॉलोमन होत्या, आणि लेक्सिंग्टनच्या शाळेत जाऊन सातवीच्या मुलांना ती शिकवण्याचं कामही त्यांनी केलं. निक्लाउस विर्थ यांची पास्कल ही शिकवण्यासाठीच बेतलेली भाषा. तिचं 1974 चं गाजलेलं पुस्तक त्यांनी कॅथलीन जेन्सन यांच्याबरोबर लिहिलं. नाव भाषा करणाऱ्याचं होतं आणि पुस्तक समजेल असं करणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरासारखंच आहे.

भांडणंही झाली. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1975 मध्ये लिहिलं, की बेसिकपासून सुरुवात केलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य होतं, त्यांची बुद्धी कायमची बिघडते. मला हे अतीच वाटतं. बेसिकवर वाढलेल्या कितीतरी मुलांनी पुढे उत्तम काम केलं. पण पहिली सवय अंगात मुरते, एवढं त्यातलं खरं.

आता सी. आपल्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलींचं पहिलं वर्ष वर्षानुवर्षं याच भाषेत गेलं, म्हणून इथे जरा थांबते. केर्निगन आणि रिची यांचं सीचं पुस्तक 1978 चं, छोटंसं आणि नेटकं. कोणतीही भाषा शिकताना आधी 'हॅलो वर्ल्ड' छापायचं, ही चाल त्यानेच जगभर पसरवली. पण त्याची प्रस्तावना वाचा. लेखकांनी स्वच्छ सांगितलंय, की हे प्रोग्रामिंगचं पहिलं पुस्तक नव्हे. चल, आवर्तनं, फंक्शन ही ओळख आधी असावी. आणि अगदी नवख्याला वाचायचंच असेल तर जास्त जाणणारा सहकारी जवळ असला तर बरं.

हा जाणता सहकारी कुणाच्या वाट्याला येतो? ज्याच्या घरी संगणक आहे, मोठा भाऊ इंजिनिअर आहे, हॉस्टेलवर रात्री बारापर्यंत मित्रांत बसता येतं, त्याच्या. आपली पोर घरी मराठी बोलते, शाळेत कानडी शिकते, कॉलेजात इंग्रजीशी झुंजते, आणि सहाच्या बसने घरी परतते. प्रोग्राम चुकला की पडद्यावर इंग्रजी ओळींचा ढीग. विचारणार कुणाला? मग "मला नाही जमत" म्हणून ती गप्प बसते, आणि घरचे म्हणतात, बीकॉम कर. लेखकांची सूचना दुर्लक्षून ते पुस्तक पहिलं म्हणून नेमलं कुणी, हे कुणी विचारत नाही.

ही जागा आपल्याकडे भरून काढली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने. छोटी उदाहरणं, सोपं इंग्रजी, आणि लिहिणारा जणू समोर बसून बोलतोय असा सूर. जाणकार त्यात उणिवा दाखवतात, दाखवू देत. शेजारी कुणीच नसलेल्या हजारो मुलामुलींना त्याने धीर दिला.

पायथनची कथाही अशीच. ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत नवशिक्यांसाठी एबीसी नावाची भाषा झाली होती, ती फारशी चालली नाही. तिच्यावर काम केलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी तिच्यातलं चांगलं उचलून 1991 मध्ये पायथन बाहेर काढली. ओळी आत सरकवून लिहायची तिची शिस्त एबीसीतूनच आली. 'हॅलो वर्ल्ड'ला सीमध्ये चार-पाच ओळी लागतात, इथे एक. एनसीईआरटीचं 2019 चं अकरावीचं संगणकशास्त्राचं पुस्तक पायथनवरच आहे, आणि इंटरनेटवर फुकट मिळतं.

म्हणून विचारणाऱ्या बायकांना मी सांगते: आधी पायथन, सी नंतर येईलच. पण पुस्तक विकत घ्यायच्या आधी पोरीला दुकानात न्या. पहिली वीस पानं तिथेच उभी राहून वाचू दे. शेजारी कुणी नसताना ती पुढे सरकते का ते बघा. अडली की पुस्तक तिला सांगतं का, चूक कुठे असेल? उत्तरं मागे दिलीत का? नसतील तर दुसरं काढायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.