शेळीपालनाची सुरुवात : आधी जागा, चारा आणि लस; मग खरेदी

जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाणीपातळीने ४५ वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. १९७८ मध्ये नोंदवलेली २०७.४९ मीटरची पातळी ओलांडून १३ जुलै २०२३ रोजी पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले. पूर्व दिल्लीतील मयूर विहारलगतच्या खादर भागात, म्हणजे नदीकाठच्या पूरप्रवण जमिनीवर, राहणाऱ्या कुटुंबांना रस्त्याकडेच्या तंबूंत आश्रय घ्यावा लागला. अनेकांसोबत त्यांची जनावरेही होती. शेळीपालन सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी यातला धडा स्पष्ट आहे. जनावर घेण्यापूर्वी ते कोठे उभे राहणार, हे ठरलेले असावे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या असून त्यांपैकी सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात आहेत. कमी भांडवलात सुरू होणारा हा व्यवसाय असल्यामुळे शेळीला 'गरिबाची गाय' म्हटले जाते. मात्र नवख्या पालकाने बाजारातून थेट कळप आणला, तर पहिल्याच पावसाळ्यात करडे दगावून भांडवल बुडण्याचा धोका असतो.

गोठा

गोठ्याची जागा उंचावर आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. प्रौढ शेळीला छपराखाली साधारण १० ते १२ चौरस फूट आणि फिरण्यासाठी त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते. शेळी थंडी सहन करते, परंतु ओलसर जमीन तिला सोसत नाही. ओलाव्यामुळे खुरांचे आणि फुप्फुसांचे विकार बळावतात. शहरी हद्दीत जनावरे पाळण्यापूर्वी स्थानिक महापालिकेच्या परवानगीची चौकशी करावी.

चारा

प्रौढ शेळीला दररोज सुमारे ३ ते ४ किलो हिरवा चारा, एक किलोपर्यंत वाळलेला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. शेळीला गवतापेक्षा झाडपाला अधिक आवडतो. त्यामुळे शेवरी, सुबाभूळ, हादगा यांची लागवड बांधावर आधीच करावी. पहाटेच्या दवात शेळ्या चरायला सोडू नयेत, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. धान्य एकदम वाढवल्यास पोट बिघडून शेळी दगावू शकते.

जातीची निवड

यमुनेच्या नावावरून ओळखली जाणारी जमुनापारी शेळी मूळची उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्याच्या चकरनगर परिसरातील आहे. दुधाळ आणि उंचीपुरी असली, तरी तिला झाडपाल्याचे मोकळे रान लागते. बांधून पाळण्यासाठी मथुरा, आग्रा, एटा भागातील लहान चणीची बरबरी अधिक सोयीची ठरते. महाराष्ट्रात मराठवाड्यात उस्मानाबादी, नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर भागात संगमनेरी, विदर्भात बेरारी, तर सिंधुदुर्गात कोकण कन्याळ या जाती तेथील हवामानाला सरावलेल्या आहेत. सुरुवात आपल्या भागातील जातीनेच करणे हिताचे.

खरेदी करताना दात पाहून वय ठरवावे. दोन ते चार कायमचे दात आलेली, पूर्वी व्यालेली शेळी नवख्या पालकासाठी योग्य असते. नव्या शेळ्या किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. २० ते २५ शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. जवळच्या नात्यातील पैदास टाळण्यासाठी तो दर दोन वर्षांनी बदलावा.

लसीकरण आणि करडांची निगा

पीपीआर हा शेळ्यांचा अतिशय घातक साथरोग आहे. त्याची लस करडू तीन ते चार महिन्यांचे झाल्यावर दिली जाते आणि तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांच्या लसी आणि जंतनाशके पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. चांगल्या व्यवस्थापनात दोन वर्षांत तीन वेतेही मिळू शकतात. करडू जन्मल्यावर तासाभरात त्याला चीक पाजणे अत्यावश्यक आहे, कारण आईकडून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती चिकातूनच येते. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक थोडा थोडा करून पोटात जावा. व्यवसायाचा नफा जगलेल्या करडांवर ठरतो.

प्रशिक्षण आणि मदत

मथुरा जिल्ह्यातील मखदूम येथे १९७९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय शेळी संशोधन संस्था प्रशिक्षण देते. महाराष्ट्रात पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, तसेच जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करता येते. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता योजनेत ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद आहे. मात्र त्यातील सर्वांत लहान गटही १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा असल्याने अनुभवाशिवाय त्यात उतरू नये. पाच ते दहा शेळ्यांवर एक पावसाळा आणि एक वेत पार पाडून, हिशेबाची वही पाहूनच कळप वाढवावा.