माळ म्हणजे तोडलेलं जंगल का?

आजचा एपिसोड नळदुर्गच्या किल्ल्यावर नाही. पाणीमहाल, नर-मादी धबधबे यांचे व्हिडिओ ढिगानं आहेत. आज बोलायचंय ते सोलापूर-हैदराबाद हायवेवरून जाताना खिडकीतून दिसणाऱ्या माळाबद्दल. उन्हाळ्यात पिवळा, पावसाळ्यात हिरवा, अधेमधे हिवर, बोर, तरवड.

लहानपणी आम्ही एकच ऐकलं: इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ उरला. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. लॉग बघितल्याशिवाय बग कुठला ते मान्य करत नाही. पण सातशे वर्षांचा लॉग आणायचा कुठून?

तो जुन्या मराठीत सापडला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या कथा, चरित्रं, ओव्या वाचून त्यातल्या रानवनस्पती मोजल्या. २०२५ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. वनस्पती निघाल्या ४४. त्यातल्या २७ उघड्या माळरानाच्या. खास जंगलाच्या किती? फक्त ३! अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे, पण कोरडं काळं पठार तेच इकडेही पसरलंय.

कान्होपात्रेची गोष्ट घ्या. पंधराव्या शतकातली, मंगळवेढ्याची. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तिनं विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, आणि तिला पुरलं तिथं तरटीचं झाड उगवलं. गोष्ट खरी की खोटी, हा आपला मुद्दा नाही. सांगणाऱ्याला झाड कुठलं सुचलं ते बघा. साग नाही, वड नाही. कोरड्या माळावरची काटेरी तरटी.

आपला खंडोबाही तेच सांगतो. वर्षातला काही काळ नळदुर्गात, बाकी अणदूरला राहणारा देव. त्याची बाणाई धनगराची लेक. मेंढरांचे कळप दाट झाडीत पोसले जात नाहीत राव, त्यांना मोकळं गवत लागतं.

आणि हे गवत काही साधं नाही. कुसळी गवताचं कुसळ उन्हात पीळ घेतं, ओल लागली की पीळ उलगडतो, आणि त्या फिरण्यानं बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. (पायजम्यातही शिरतं, ते वेगळं.) हिवराच्या शेंगा शेळ्या खातात आणि त्याचं बी लेंड्यांतून लांबवर पोचतं. गवत, झाड, जनावर, सगळं एकमेकांत अडकलेलं.

या माळाला ऊन मात्र हवंच. दाट झाडं लावली की सावलीत गवत मरतं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं. एवढे खड्डे घ्यायचे तर आधी नजर कुठं जाणार? कागदावर जिथं ‘पड’ लिहिलंय तिथं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. पक्ष्याच्या नावातच माळ आहे, त्याला उघडं गवताळ रान लागतं. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरलेत. तिथं दाट झाडी उभी करणं म्हणजे त्याचं घर मोडणं.

आता एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तरटी कुणाला ओळखू येते? माळावरच्या गवतांची नावं किती आठवतात? त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावतो.