शब्दवेध : संमती

‘सम्’ या उपसर्गापुढे ‘मन्’, म्हणजे विचार करणे, हा धातू येऊन सिद्ध झालेल्या ‘संमती’ या शब्दात दोन स्वतंत्र मनांचे एकत्र येणे अभिप्रेत असल्यामुळे, नकाराची मुभाच नसलेल्या स्त्रीच्या मौनाला संमतीचे लक्षण मानणे हा त्या शब्दावर, आणि त्याहून अधिक तिच्यावर, अन्याय होय. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) पैशाच्या लोभाने पिता वृद्ध वराशी करारमदार करतो, शारदेची राजीखुशी मात्र विचारीत नाही, परंतु त्यापूर्वीच, १८८७ साली, पतीकडे नांदावयास जाण्याचा मुंबई हायकोर्टाचा हुकूम झाला असता कैद पत्करण्यास सिद्ध झालेल्या रखमाबाईंनी, बालपणी लावून दिलेल्या विवाहाने स्त्रीचा नकाराचा हक्क संपुष्टात येत नाही, हे निर्धाराने दाखवून दिले होते. होकाराला अर्थ येतो तो नकाराच्या या अखत्यारामुळेच.