मानमोडीची साथ : घर आणि शाळा (१९१८)

एखाद्या साथीचा शिक्षणावर काय परिणाम झाला हे पाहताना शाळा किती दिवस बंद होत्या आणि हजेरी किती घटली या दोन गोष्टी प्रथम मोजल्या जातात. मुंबई इलाख्यातील १९१८ सालच्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीला मात्र हे माप पुरत नाही. मराठी मुलखात ‘मानमोडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या साथीचा आघात शाळेच्या इमारतीपेक्षा मुलाला शाळेत धाडणाऱ्या घरावर अधिक झाला. शाळेची दारे पुन्हा उघडली तरी त्या घराची घडी पूर्ववत बसली नाही. हा मुद्दा येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

साथीचा पहिला फेरा जून १९१८ मध्ये मुंबईत आला. दिनांक १० जून रोजी सात पोलीस शिपाई हिवतापाहून निराळ्या अशा तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हा फेरा तुलनेने सौम्य होता. सप्टेंबरात सुरू झालेला दुसरा फेरा अत्यंत घातक ठरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पुढे रेल्वेमार्गांनी हा रोग खेडोपाडी पोहोचला. त्याच वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस अपुरा पडल्याने देशावर टंचाई होती आणि धान्याचे भाव चढले होते. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. मध्यप्रांत व वऱ्हाड येथील मृत्युप्रमाण तर देशात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी होते. संपूर्ण हिंदुस्थानासाठी अभ्यासकांनी केलेले अंदाज सव्वा कोटीपासून १ कोटी ७० लाखांच्याही वर जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, यावरून या संहाराची कल्पना यावी.

तथापि किती माणसे मेली याइतकेच कोणती माणसे मेली हेही महत्त्वाचे आहे. सामान्यतः इन्फ्ल्यूएंझा अर्भकांना व वृद्धांना अधिक बाधतो. १९१८ साली वीस ते चाळीस या वयातील स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने बळी पडले, आणि त्यांतही स्त्रियांचे मृत्युप्रमाण पुरुषांहून अधिक होते. अपुरे पोषण आणि घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा ही याची कारणे सांगितली जातात. कमावणारा पुरुष व घर चालवणारी स्त्री हीच या वयाची माणसे होत, आणि शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांचे आईबापही हेच. म्हणजे रोगाने ज्या मुलाला जिवंत सोडले, त्याचाही आधार पुष्कळदा काढून घेतला. १९१९ साली जन्मप्रमाण घटले, त्याचाही या वयोगटाच्या हानीशी निकट संबंध आहे.

आता शाळेकडे वळू. योगायोग असा की, याच वर्षाच्या प्रारंभी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा मुंबई इलाख्यात संमत झाला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे यासंबंधीचे विधेयक १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात फेटाळले गेले होते. सक्तीविरुद्ध जे आक्षेप घेतले जात, त्यांपैकी एक असा की, गरीब कुटुंबांना मुलांच्या श्रमाची गरज असते. सक्तीच्या कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती : मुलाच्या श्रमावाचून चालू शकेल असे घर. मानमोडीने नेमके तेच गृहीत उखडून टाकले. साथीचा कहर ऐन खरिपाच्या काढणीत व रब्बीच्या पेरणीत झाला. घरातले कर्ते हात गेले की गुरे राखणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुलांकडे येणार हे उघड होते, आणि यांतली शेवटची दोन प्रथम मुलीच्या वाट्याला येत. १९२१ साली देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे सात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे असा प्रत्येक खंड किती महाग पडला हे कळते.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मुंबई शहरात युरोपियनांचे मृत्युप्रमाण दर हजारी सुमारे ८ होते, तर अहवालांच्या परिभाषेत ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलेल्यांचे ६१ च्या वर होते. ज्या वस्तीत शिक्षण नुकतेच शिरू पाहत होते, तेथेच घरे अधिक उद्ध्वस्त झाली.

नंतरच्या साथींशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. १९५७ च्या साथीत भारतात सुमारे ४४ लाख रोगी नोंदले गेले. नोंदलेले मृत्यू सुमारे अकराशे होते. २००९ साली पुण्यातील शाळा बंद कराव्या लागल्या, कारण संसर्गाचे भय वर्गातच होते. या प्रसंगी शाळा हे रोग पसरण्याचे ठिकाण म्हणून चर्चेत आली आणि साथ ओसरताच बहुतेक मुले परत वर्गात जाऊ शकली. १९१८ साली परत जाण्याचा प्रश्न घरातच अडला.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने एकाच दप्तरावर विसंबू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाने शाळा सोडल्याची तारीख व कारण यांचे रकाने असतात. परंतु ‘घरकाम’ किंवा ‘गैरहजर’ या शब्दांमागचा मृत्यू तेथे दिसत नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत मृत्यू दिसतो. पण तो बहुधा नुसत्या ‘ताप’ या सदरात, आणि मागे राहिलेल्या मुलांचा तेथे उल्लेख नसतो. एकाच गावची ही दोन दप्तरे १९१८ ते १९२० या काळापुरती समोरासमोर ठेवून आडनाव व वस्ती यांच्या आधारे वाचली, तरच घर आणि शाळा यांमधला तुटलेला दुवा हाती येईल. हे काम कष्टाचे आहे, आणि जुने कागद दरवर्षी वाळवीच्या व दमटपणाच्या स्वाधीन होत असल्याने ते लांबणीवर टाकण्याजोगेही नाही. साथीच्या मृतांची गणना बरीचशी झाली आहे. जे जगले, पण ज्यांची पाटी त्या वर्षी कायमची खाली ठेवली गेली, त्यांची गणना व्हावयास हवी.